साठ टक्के

बावीस दिवसांचा करार, त्यातला नववा दिवस.
बुझी नदीच्या दक्षिण काठावर
चिखल वाळून पोपडे आलेत,
पाय ठेवला की पापडासारखे मोडतात.
अदेलिनो पुढे, मी मागे,
आणि माझ्या मागे दहा-बारा पोरं
माझ्या गमबुटांच्या आवाजाची नक्कल करत.

टॅब्लेटवर रकाने तयार:
नुकसान वेगळं, तोटा वेगळा.
भिंत पडली, हे नुकसान.
भिंत नाही म्हणून जे जे आता होणार नाही, तो तोटा.
चार देशांत शिकवलंय मी हे.
अदेलिनो दोन्हींना एकच शब्द वापरतो.
सकाळी दोनदा टोकलं, मग सोडून दिलं.
माझ्या आईला समजावताना
मला तरी कुठे दोन सापडले असते.

घर क्रमांक एकशे सतरा.
घर नाहीच. दार आहे.
चौकटीसकट, बिजागऱ्यांसकट, कडीकुलपासकट
उघड्यावर उभं.
आम्ही बाजूने शिरणार
तोच डोना जुदिते ओरडल्या.
अदेलिनो थबकला. ‘दारातून या म्हणतायत.’
त्यांनी कमरेच्या कापुलानाची गाठ सोडली,
किल्ली काढली, कुलूप उघडलं,
आणि आम्ही एकामागोमाग एक
उंबऱ्यावरून पाय उचलून
आभाळाखाली आत गेलो.
सवयीनं मी बूट काढायला वाकले.

दार शांफुता लाकडाचं.
साखर कारखाना बंद पडला तेव्हा
नवऱ्याचा अकरा महिन्यांचा पगार बुडाला.
त्यानं हिशेबनिसाच्या खोलीचं दार उचकटलं
आणि खांद्यावरून आणलं, सात किलोमीटर.
पांढऱ्या रंगातला ४ अजून आहे त्याच्यावर.
नवरा त्या आंब्याखाली.
शेजारी दोन लहान उंचवटे, त्यांचं कुणी काही बोललं नाही.
पाणी कुठवर चढलं त्याची रेघ खोडावर,
माझ्या डोक्याच्या वर हातभर.

मी टेप काढली.
जुदिते म्हणाल्या, किती लिहिणार?
हे कुणी विचारत नाही.
लोक विचारतात, कधी मिळणार.
अदेलिनो माझ्याकडे न बघता म्हणाला,
‘त्यांना ठाऊक आहे. साठच्या वर गेलं
की नाव टेकडीवरच्या वसाहतीच्या यादीत.’

साठ.
हा आकडा माझाच.
तीन वर्षांपूर्वी, गार खोलीत,
हेल्गे पन्नास म्हणत होता, मंत्रालय सत्तर,
जेवणाची वेळ टळून गेली होती,
मी म्हटलं, साठ धरूया.

जुदिते दाखवत होत्या:
हे दार, यात काय मोडलंय सांग.
ही चूल, लिंपली की झाली.
हे दोन पत्रे, शेजारणीच्या शेतात सापडले,
नाव नाही त्यांच्यावर, पण भोकं ओळखते मी.
एरवी माणसं पडझड दाखवतात.
ही बाई उरलेलं मोजून देत होती,
सुट्टे पैसे परत करावेत तसं,
एकेक नाणं तळहातावर ठेवत.

टेकडीवर पाणी चढत नाही. खरंय.
टेकडीवर भात होत नाही, तेही.
आंबा तर नेता येतच नाही.

मी अठ्ठावन्न लिहिलं.
आम्हाला बाहेर काढून त्यांनी कुलूप लावलं,
ओढून बघितलं,
आणि स्वतः बाजूने आत गेल्या.

अहवाल गेला. परिशिष्ट तीन, पान त्रेचाळीस:
न्यामुसा, अंशतः बाधित घरं एकतीस.
बेरजा जुळल्या. हेल्गेनं कौतुकाचं पत्र पाठवलं.

आता फेब्रुवारी. दुसरं शहर, दुसरा करार, यावेळी भूकंप.
रात्री हॉटेलात उपग्रहाचं चित्र उघडते.
बुझी फुगलेली, काठ कुठला ते कळत नाही.
तो ठिपका आंबा असेल, किंवा ढगाची सावली.
यातला एक चौकोन म्हणजे दहा मीटर.
दार त्याहून पुष्कळ लहान.
मी चित्र मोठं करते, आणखी मोठं,
नुसते रंगांचे तुकडे उरेपर्यंत.

अदेलिनोला निरोप पाठवलाय:
पाणी रेघेच्या खाली की वर?
निरोपापुढे बरोबरची एक खूण उमटली आहे.
दुसरी अजून नाही.