सात

सांवेर रोडला पत्र्याच्या शेडवर
दुसऱ्या मजल्यावर आमची लॅब.
खाली दाणे भाजतात, वर मी त्यांच्यात खोट शोधते.
वास दोघांच्याही कपड्यांना सारखाच.

पूर्वी बरं होतं, खरं सांगायचं तर.
मी तपासायची, सही करायची,
कंटेनर मुंद्र्याहून निघायचा,
आणि तिकडच्या बंदरात पुन्हा कोणीतरी
पोती फोडून तेच दळायचं, तेच गाळायचं,
एकवीस एकवीस दिवस.
भाडं चढायचं, दाणे खवट व्हायचे,
बसंतीलाल कांठेड मला रोज फोन करायचे,
जणू समुद्र माझ्याच कपाटात ठेवलाय.
पण चुकलेच मी, तर मागे कुणी होतं.

मग करार झाला.
पौषात तिकडच्या बाई आल्या, मार्येट नावाच्या,
उंच, सर्दीनं बेजार.
यंत्रांकडे फारसं बघितलंच नाही त्यांनी.
दोनशे ग्रॅमचं वजन चिमट्यानं उचललं
आणि त्याची वंशावळ विचारली:
हे कशावरून जोखलं? ते कशावरून? आणि ते?
सोयरीक जुळवायला आल्यासारखं.
मी वही काढली. चार पिढ्या निघाल्या,
चौथी दिल्लीत, काचेच्या घुमटाखाली.
बाईंनी रुमालात शिंकून मान डोलावली.

तेव्हापासून तपासणी एकदाच. माझी.
'शै. द. झोकरकर' हे तिकडे चालतं, नोटेसारखं.
कांठेडांनी मावाबाटी वाटली.
आईनं विचारलं, पगार वाढला का गं?

रात्री एक पोर दिसतं,
ज्याच्या गावाचं नाव मला उच्चारता येणार नाही,
दातांनी पाकीट फाडणारं.
त्याची आई मागचं बारीक बारीक वाचते
आणि जिथे अक्षरं संपतात
तिथून पुढे माझ्यावर सोडते.

मंगळवारी लॉट एकशे अठरा.
जांभळ्या दिव्याखाली पट्टी धरली.
निळा ठिपका. इतका देखणा
की क्षणभर मी त्याला विष म्हणायचं विसरले.
मशीननं आकडा दिला: सात.

तिकडची हद्द चार.
इकडची दहा.

"मॅडमजी, सातच तर आहे."
मी नाही म्हटलं.
कांठेड भांडले नाहीत, हेच खटकलं.
"बरं, तुमची सही राहू द्या तुमच्यापाशी.
सियागंजला लावून देतो.
इकडे तर पास आहे ना?"

होता. पास होता.
माझ्याच टेबलाच्या काचेखालच्या तक्त्यानं पास होता.
खिडकीतून बघितलं,
हमालांनी ट्रकमधली पोती उतरवून
शेजारच्या टेम्पोत चढवली.
अंतर तीन पावलांचं.

करार नीट चाललाय का, याचा एक फॉर्म येतो वर्षाकाठी,
दोन्ही सरकारांच्या समितीसाठी.
वेळ वाचला का? हो. खर्च? कमी.
शेवटी चार ओळींची जागा: आणखी काही.
मी लिहिलं, तिकडचं पोर करारात आहे,
आमचं कुठल्या पानावर आहे?
मग ते खोडलं, कचेरीला समजेल असं लिहिलं:
'हद्द दोन्हीकडे एक असावी. लहान ती.'
पोच आली. पोचेवर क्रमांक होता.

शनिवारी निषाद आला, भाचा,
खिशात मसाला शेंगदाण्यांची दहाची पुडी.
मावशी, तुझा तो जादूचा दिवा दाखव ना.
मी पडदे ओढले.
त्यानं पुडी तबकडीत ओतली, तिखटासकट,
आणि टाचा उंचावून वाकला.
जांभळा अंधार. त्याचे दात तेवढे चमकत होते.
"चमकत का नाहीत गं हे?"
मी उत्तर दिलं नाही, श्वास धरून होते.

तो हिरमुसला. दाणे गोळा करता करता
दोन तोंडात टाकले, आणि म्हणाला,
उद्या दुसऱ्या दुकानातून आणतो.