वाढू का?

हळदोण्याला सकाळी सातला टँकर लावतो मी.
शिंपल्यांच्या खिडक्यांचं घर, मालक लिस्बनला,
आणि आत चाळीस माणसं
वाढ थांबवायला जमलेली.

पहिल्या दिवशी मला वाटलं, वजनाचं असेल.
नाश्त्याला तसं कलिंगडच होतं.

संडास कोरडा. वर भुसा टाकायचा.
पाणी वाचवायचं, म्हणाले.
मग रोज दोन टँकर कशाला? तर बागेला.
अंगणात त्यांनी रान लावलंय, अस्सल इथलं,
बेळगावच्या नर्सरीतून आणून.

पाणी कुठलं, कुणी विचारलं नाही.
आमच्या खाणीतलं आहे.
डोंगर होता तिथे आता निळं तळं,
मासा नाही, बेडूक नाही,
वरून फोटो मात्र छान येतो.

माझा ट्रक होता त्या खाणीवर.
काचेवर सातेरी प्रसन्न, मागे मुलीचं नाव,
जेटीपर्यंत दिवसाला सात खेपा.
मग दिल्लीहून कागद आला
आणि आमची वाढ एका रात्रीत थांबली,
परिषद न भरवता.
धूळ खाली बसली.
आईचा खोकला पंधरा दिवसांत उतरला, हे खरं.
कुळागरात धनेश आला, हेही खरं.
सगळं थांबलं.
बँकेचा हप्ता तेवढा थांबला नाही.

योहाना म्हणून एक बाई आहे त्यांच्यात.
विमानाने आल्याचं तिला इतकं लागलं
की पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर रडली.
खोटी नाही रडली. मी दारातच होतो,
पाइप गुंडाळत.
उगाच वाटलं, हिला सांगावं
की माझ्या टँकरला डिझेल किती लागतं.
नाही सांगितलं.

दुपारी केळीच्या पानांवर जेवण.
उकड्या तांदळाचा भात, दोनशे रुपये किलोचा,
जो आमच्या मळ्यात पिकायचा,
खाणीचा गाळ उतरला नव्हता तोवर.
एस्पेरान्सबाई डाव घेऊन रांगेतून फिरते,
प्रत्येकाला विचारते, वाडूं?
आणि ते शिकवल्यासारखे
पानावर आडवा हात धरून म्हणतात, पुरो!
आणि हसतात, आणि टाळ्या.

तिसऱ्या दिवशी मलाच बसवलं खुर्चीवर.
ऋतायन नावाचा पुण्याचा मुलगा म्हणाला,
काका, तुम्ही हे जगलायत. बोला.
काय बोलणार?
म्हटलं, वाढ हा शब्द आमच्यात
हातात डाव घेऊन विचारतात.
आडवा हात धरायचा तर
आधी पानात काही पडलेलं लागतं.
आमच्या घरी पुरे
माणूस म्हणत नसे.
टोप म्हणायचा.

ऋतायनने ते त्यांच्या भाषेत सांगितलं.
माझ्यापेक्षा थोडक्यात.
माना हलल्या. कुणीतरी उठून
भिंतीवरच्या कागदावर हिरव्या पेनाने
एक शब्द लिहिला.
मी विचारलं, काय लिहिलं?
साधेपणा, म्हणाला.

सगळे उठल्यावर आम्ही दोघं रांदणीपाशी बसलो,
मी आणि एस्पेरान्सबाई.
भात तळाला लागलेला, कढी थंड.
तिने सवयीने विचारलं, वाडूं?
वाड गे, म्हटलं,
सगळं वाड.

हिशेबाच्या दिवशी बाई म्हणाल्या,
यंदा चांगलं झालं, पुढच्या वर्षी ऐंशी येतील.
चार टँकर जमतील?
जमतील, म्हटलं.
तोंडातून निघूनच गेलं.

घरी आलो तेव्हा अंधार पडला होता.
परसात ट्रक तसाच उभा,
केबिनमधून कुमयाचं झाड वर गेलेलं,
स्टेअरिंगला वेढा घालून.
हौद्यात आईच्या कोंबड्या.
पहिला हप्ता चुकला त्या वर्षी
ते झाड माझ्या बोटाएवढं होतं.
मी बॅटरी लावली, टेप काढली.
चासी अजून मजबूत आहे.
सहा हजार लिटरची टाकी बसेल.
आई दारातून म्हणाली,
झाडाला काय मोजतोस रे एवढ्या रात्री?