हिना

सोहारच्या वॉर्डात आजींचा हात
कोपरापर्यंत मेंदीनं काळा.
शीर दिसेल तर शपथ.

लिसम्मा सिस्टर म्हणाली, डोळे मीट.
गरम टॉवेल ठेव, हात खाली सोड,
मग बोटाला विचार.
विचारलं. बोट गप्प.
दोनदा टोचलं, दोनदा शीर सटकली.
अरबीत माफी कशी मागतात, तेही आठवेना.

आजी म्हणाल्या, "हिना."
हो, सुंदर रंगलीय, मी म्हटलं, चक्क मराठीत.
त्या हसल्या. माझं बोट धरून
नेलं अंगठ्याच्या मुळाशी.
"हिना."

म्हणजे, इथे.

मेंदीच्या वेलीखाली काहीतरी
दबलं, पुन्हा वर आलं.
सुई जवळजवळ आडवी केली.
नळीत लाल थेंब.

पट्टा सोडत सिस्टर म्हणाली, चिकटपट्टी दे.
ती माझ्याच अ‍ॅप्रनला चिकटलेली.