वितींचा हिशेब

आम्ही पुणं सोडलं तेव्हा सगळे म्हणाले,
एवढ्या लांब कोण येणार तुमच्याकडे?
एप्रिलच्या तेरा तारखेपासून
घरात फक्त आम्ही दोघं, अशी रात्र
एकही झाली नाही.

फोनवर रस्ता सांगून सांगून पाठ झालाय:
सासवड सोडलं की परिंच्याच्या रस्त्याला लागा,
डाव्या हाताला अंजिरांची बाग,
मग बंद पडलेली पिठाची गिरणी, तिथे रेंज जाते,
पुढे कुणालाही विचारा, पुण्याचे कुठे राहतात.
नऊ वर्षं झाली. अजून आम्ही पुण्याचेच.

गाद्या सहा, माणसं अकरा.
टँकर मंगळवारी, आला तर.
मुकुंद टाकीत वेळूची काठी सोडतो
आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून मला बोटं दाखवतो:
चार वीत. तीन.
तेवढ्यात न्हाणीघरातून जावेचा भाऊ,
ज्याला खरं तर आम्ही बोलावलंच नव्हतं,
कडव्यामागून कडवं गातोय
आणि प्रत्येक कडव्याला एक बादली.

पोरांनी अंजिरं कच्चीच तोडली,
चीक लागून ओठ सुजले,
त्यांची आई माझ्याकडे असं बघत राहिली
जसं झाड मीच शिकवून ठेवलंय.

उत्तरा आठ दिवसांसाठी आली, तेवीस राहिली.
ती रोज म्हणायची, उद्या निघते.
मी रोज म्हणायचे, काय घाई आहे.
शिरीष गेल्यानंतरचा तिचा पहिला उन्हाळा.
पहाटे पाचला उठून ती अंगण झाडायची,
सड्याला पाणी नाही, म्हणून नुसतंच,
कोरडं, पुन्हा पुन्हा.
खराट्याच्या रेघा इतक्या सरळ
की पोरं उठल्यावर आपोआप कडेकडेनं चालायची.
त्याच्याबद्दल ती एकदाच बोलली, भांडी विसळताना:
पाहुण्यांकडे गेलं की त्याला झोप यायची नाही गं.
मी नळ बारीक केला. दुसरं काय करणार.

नऊ जूनला शेवटची गाडी गिरणीपाशी वळली.
मागे राहिलं ते:
एक डावी चप्पल, कुणाची तरी कवळीची डबी,
चार्जर तीन, आणि
फ्रिजमध्ये झाकून ठेवलेली अर्धी वाटी शिकरण,
काळी पडलेली, माझं नाव घेऊन ठेवलेली म्हणे.

मंगळवारी टँकर वेळेवर आला.
अंगण मी झाडलं, रेघा वाकड्याच.
मुकुंद टाकीवर चढला, काठी सोडली,
आणि रिकाम्या घराच्या डोक्यावरून
काही न बोलता
मला दोन्ही हातांची बोटं दाखवू लागला.