गणपूर्तीची घंटा

डिसेंबरचे दोन आठवडे मी घंटेचा माणूस.
सिव्हिल लाइन्स, विधान भवन, खालचा व्हरांडा,
रोजंदारीचा बिल्ला, काकाच्या मापाचा कोट.
आत एकोणतीस डोकी भरली नाहीत
आणि कोणी हरकत घेतली,
की वरून खूण येते. मी बटण दाबतो.
कँटीनमधून कोणी उठतं, कोणी उठत नाही,
तर्रीत बुडालेले चणे शांतपणे खात राहतं.

बाबा इंदोऱ्यात, खाटेवर.
तीस वर्षं संध्याकाळच्या वर्गात पाली शिकवली,
आता श्वास मोजतात.
म्हणाले, "तुह्या कामाचं नाव लय जुनं आहे बे.
संघात एक भिक्खू असे, गणपूरक.
चार तरी जमवायचे, मगच बोलायचं.
ठराव तीनदा वाचायचा.
गप्प राहिला, तो हो म्हणाला.
नाहीच जमलं तर रंगीत काड्या वाटायच्या,
उघड, नाही तर झाकून,
नाही तर कानात कुजबुजून."

कानातलं मी रोज बघतो, बाबा,
खांबाआड, तोंडावर हात धरून.
काड्याही आहेत.
फक्त आता वाटत नाहीत,
करतात.

दुपारी मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर
अंगणवाडीच्या बाया अडवल्या होत्या.
कुरखेड्याहून रात्रभर बसून आलेल्या,
बॅरिकेडला टेकून संत्री सोलत होत्या.
एकीनं बिल्ला बघून फोड पुढे केली,
"आत जाऊन राहिला का, भाऊ?
आमचं सांगजो."
काय सांगू, ते विचारायचं राहिलं.

हे ऐकून बाबा उठून बसले.
"आजारी भिक्खूला येता येत नसे,
मग तो दुसऱ्याच्या तोंडी संमती पाठवी.
त्याला छंद म्हणत.
छंद न आणता केलेलं काम कच्चं."
मी हसलो. आमच्या मोहल्ल्यात
छंद म्हणजे कबुतरं.

आज सातनंतर एकामागून एक विधेयकं.
दाराच्या फटीतून मोजले: अकरा.
होयचे बहुमत, म्हणाला आवाज,
पुन्हा म्हणाला,
आणि जे बाहेर होते ते सगळे
गप्पच होते.
खूण आली नाही. हरकत कोणाची नव्हती.
अंगठा बटणावर होता,
नखात संत्र्याचा वास.

नोंदीत 'तांत्रिक बिघाड' असं आहे.
कँटीनमधून तिघं धावत आले,
तोंड पुसत.
चौदा.