आठ आण्यांची तूट

आपशिंग्याहून साताऱ्याला येणारी शेवटची गाडी,
शहात्तर सालचा मार्गशीर्ष. आतला दिवा गेलेला.
नागठाण्याच्या फाट्याजवळ कुणीतरी
माझ्या तळहातावर आठ आणे ठेवले.
मी अंगठ्यानं चाचपले, थैलीत टाकले,
तिकिटाला चिमटा मारला.

डेपोत कॅशियरनं ते नाणं बोटानं बाजूला सारलं.
मुकुटवाला राजा. उलट्या बाजूला वीस,
खाली एकोणीसशे बारा.
"हे कुठं चालतंय, तोडकर?"
वे-बिलावर लाल शाई : तूट पन्नास पैसे.
पगारातून कापली.

मोती चौकातले पोतदार, आडनावाला जागणारे.
कसोटीवर घासून म्हणाले, अस्सल चांदी आहे,
तुला फसवणारा स्वतःच फसला.
पण हा मुलूख कुठला, ते त्यांनाही सांगता येईना.

पोराच्या नकाशात बोटानं समुद्र ओलांडला,
तर पलीकडे न्यूफाउंडलंड,
नाव शाबूत, रंग मात्र कॅनडाचा.
एकोणपन्नास साली विलीन झालं म्हणे,
आपल्या औंधानंतर वर्षभरानं.
मला उगाच बरं वाटलं.

तिथून हा नाद लागला.
मिरजेच्या मिशन दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या
शिवणाच्या डब्यातून, पुण्याच्या जुन्या बाजारातून,
टोरांटोच्या भाच्याकडून
(त्यानं कोरी करकरीत नाणी पाठवली, मी परत धाडली).
एका सेंटवर किडे खाणारं झाड आहे, सुरईच्या तोंडाचं.
कासला सीतेची आसवं फुलतात, तीही किडेच खातात,
नाव एवढं हळवं असून.

आणि टोकनं. सरकारचे सुटे पैसे पुरेनात
म्हणून दुकानदारांनी पाडलेलं तांबं.
एकावर मेंढा, पोटाला पट्टा बांधून टांगलेला.
एक तर कुणा लोहारानं घरीच ठोकलेलं,
राजा नकटा, अक्षर एकही नाही,
गुत्त्यावर खपवायचा म्हणतात.
ते मला सगळ्यांत लाडकं.
हौसा म्हणायची, परमुलखाची चिल्लर घरात
आणि रॉकेलला सुटे नाहीत.

रिटायर झाल्यावर आपशिंग्यात एका लग्नाला गेलो.
पंगत उठायची होती. खिशातलं वीस सेंट काढून
शेजारच्याला दाखवत होतो,
तर समोरचा पन्नाशीचा माजी हवालदार
हातातला द्रोण ठेवून म्हणाला,
"हे मी चोरलं होतं."

घरी नेलं त्यानं. देव्हाऱ्यात टाक ओळीनं :
खंडोबा, जानाई, आणि शेवटी
केरबा निकम, त्याचा पणजा.
सुएझहून केरबा आला नाही,
कंगवा आला, बिल्ला आला, आणि हे नाणं.
धक्क्यावरच्या एका गोऱ्या कोळ्यानं
विडीच्या बदल्यात दिलेलं, असं पत्रात होतं.
घरच्यांनी त्यालाच टाक मानलं.
राजाच्या कपाळी कुंकू, दर अमावास्येला दूध.

"साताऱ्यात सर्कस आली होती, मास्तर.
तिकिटाला पैसे नव्हते.
मग भीतीनं मामाकडनं आठ आणे मागून
त्या जागी ठेवले. आईला अंधुक दिसायचं.
जाईपर्यंत ती त्यांनाच आंघोळ घालत होती."

आठ आणे अजून तिथंच होते.
कुंकवाच्या पुटाखाली सिंह बुजलेले.
त्यानं ते उचलून ताटलीत ठेवले,
मी शेजारी माझं नाणं ठेवलं.
दोन्ही सारखीच गुळगुळीत.
"आता तुमचं कोणतं?" त्यानं विचारलं.
आत कुणीतरी चहाला आधण ठेवलं होतं,
ते उतू गेल्याचा वास आला.

परतीच्या गाडीला मशीनवाली पोरगी कंडक्टर होती.
"आजोबा, सुटे द्या," म्हणाली.
मी खिशात हात घातला,
बोटाला कुंकू लागलं,
आणि फाटा येईपर्यंत हात बाहेर काढलाच नाही.