मापाची

डिचोलीच्या बाजारात, चपलांच्या दुकानाला लागून,
एकतीस वर्षं मी पायडल मारतोय
आणि अजून चपलांच्या दुकानाला लागूनच आहे.

वळवईकर डॉक्टरीणबाईंनी साखरेचा कागद पालथा घातला.
पाय हलवा, सगुणबाब.
म्हटलं, दिवसभर हलतात की.
त्या म्हणाल्या, मग मशीन कुठवर पोचलं?

शशिकला म्हणते, चाला. फुकटात होतं.
चालायला ना नाही,
पण माझ्या पायांना खाली काहीतरी फिरणारं लागतं.
मोकळे सोडले की ते बावरतात.

म्हणून मंगळवारी, दोन पँटी कच्च्या टाक्यावर ठेवून,
म्हापशाला गेलो.
आग्नेलच्या दुकानात सायकली छताला टांगलेल्या,
गिऱ्हाइकं न्यायला विसरलेल्या कोटांसारख्या.
मुलाचं वय काय? त्यानं विचारलं.
म्हटलं, चौपन्न.

पहिली दाखवली ती नुसती काडी.
टायर दोऱ्याएवढं, हँडल मेंढ्याच्या शिंगांगत खाली वळलेलं,
धरायचं तर कमरेत मोडून.
वाकूनच तर आयुष्य काढलं बाबा, पुढची दाखव.

दुसरी एकवीस गिअरची. पुढे स्प्रिंगा, जाडजूड टायर.
म्हणाला, डोंगर चढते.
डोंगर आमच्याकडे होते.
बरेचसे ट्रकांतून खाली गेले,
उरलेत ते मी चढायला म्हणून नव्हे.

मग त्यानं स्टूल ओढलं, बसला,
आणि विचारलं: जाणार कुठं?

हाच प्रश्न मी रोज विचारतो.
लग्नाला घालणार की कचेरीत?
बसणार की उभा राहणार?
कापड त्यावर ठरतं. गिऱ्हाईक मात्र रंगच बघत असतं.
आता मीच रंग बघत उभा होतो.

नार्व्यापर्यंत, म्हटलं. तिथून फेरीबोटीनं दिवाडीला.
शेतांमधला सपाट रस्ता आहे.
कुणाकडे जायचं नाही.
परत यायचं.

त्यानं तिसरी उतरवली. राखाडी. सात गिअर,
सरळ हँडल, मध्यम टायर, पाठ ताठ राहील अशी बैठक.
आणि टेप काढला.

किती माणसांच्या जांघेपासून घोट्यापर्यंत
मी हात नेला असेल, मान वळवून, आदबीनं.
माझ्या पायाला टेप लागला तो आज.
तीस, आग्नेल म्हणाला.
साडेएकोणतीस. तुझा टेप ताणलाय.

बाबांनी घेतलेली काळी सायकल वाढत्या अंगाची होती.
सदरा, चड्डी, सायकल, सगळंच वाढत्या अंगाचं.
दांड्याखालून पाय घालून, तिरका होऊन चालवली,
आणि माझं अंग वाढेपर्यंत
ती विकली गेली.

ही घेऊन उभा राहिलो. दांडा आणि मी,
मध्ये दोन बोटांची मोकळीक.
बैठकीवर बसलो तर चवडे टेकले.
इतकं बेतशीर मी स्वतःसाठी कधी काही शिवलं नव्हतं.

साडेतेरा हजार. कुलूप, घंटी वेगळी.
शशिकलेला अकरा सांगितलं.
ती म्हणाली, घंटी धरून?

आज पहाटे बाहेर काढली.
पायडलवर पाय दाबला
आणि, काय सांगू,
चपलांचं दुकान मागे गेलं.

पुढे पाण्याची टाकी मागे गेली. पदेर समोरून आला,
पावाच्या टोपलीआडून त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं जुना कारागीर नव्या पोराच्या कात्रीकडे पाहतो.
बैठक आणखी एक बोट वर घे, ओरडला, गुडघे दुखतील.
घेतली.

मयेच्या वळणावर रस्ता ओला होता. उतरून, सवयीनं,
मागे वळून पाहिलं: टाका सरळ पडलाय का.
नव्हता. टायरची ठिपक्यांची ओळ
दारू प्यायल्यासारखी या कडेपासून त्या कडेपर्यंत.

उसवावंसं वाटलं नाही.

फेरीबोट उद्या.
दोन्ही पँटी गुरुवारी द्यायच्या आहेत,
एकीची तर अजून कंबरही लावलेली नाही.